तेरा नंबरची तार

दोर निवडावा तर मीच! स्वतःच्या तोंडाने सांगतोय म्हणून बढाई समजू नका. चौतीस वर्षं लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक होतो. माझ्या दोरांना लटकून किती माणसं वरखाली गेली असतील याची मोजदाद नाही, आणि त्यांतलं एकही माणूस ठरलेल्या मजल्याच्या वर गेलेलं नाही! तेव्हा गिटारच्या सहा बारक्या तारा निवडायला मी कुणाला विचारायला जाणार होतो? तुम्हीच सांगा!

गिटार माझ्या मुलीची. विजेवर चालणारी, लालभडक. मुलगी नोकरीला दुसऱ्या शहरात गेली त्याला दोन वर्षं झाली. जन्मल्या जन्मल्या तिने असा काही टाहो फोडला होता की मी तिला टिटवी म्हणालो, आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. पुढे टिटवीने गिटार आणली आणि नाव सार्थ केलं. संध्याकाळी दमून घरी यावं तर आतून ठणाठण सुरू! मी दारावर थाप मारायचो, "टिटवे, आवाज कमी कर!" आतून उत्तर यायचं, "काय? ऐकू येत नाही!"

तिची आई होती तोवर फोनचं खातं आईकडे होतं. मायलेकी तास तास बोलायच्या. मला शेवटी दोन मिनिटं मिळायची, तीही "बाबांना दे गं" असं टिटवी म्हणाली तर. दीड वर्षापूर्वी तिची आई गेली आणि खातं माझ्याकडे आलं. आमचा रविवारचा फोन असा असतो:

"जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"हो."

"बरंय ना सगळं?"

"बरंय."

"ठेवू?"

"ठेव."

चाळीस सेकंद! आमच्या इमारतीची लिफ्टसुद्धा तळमजल्यावरून सातव्या मजल्यावर जायला याहून जास्त वेळ घेते. फोन ठेवल्यावर मला दहा गोष्टी आठवतात. त्या मी मग फ्रिजला सांगतो.

तर मंगळवारची दुपार. मी एकटाच जेवत होतो. (एकटाच कशाला लिहायचं म्हणा, दुसरं कोण असणार!) तेवढ्यात टिटवीच्या बंद खोलीतून आवाज आला, "टण्!" आणि मी हातातला घास तसाच धरून ओरडलो, "टिटवे, आवाज कमी कर!"

ओरडल्यावर आठवलं. हातातला घास ताटात ठेवला आणि उठलो.

आत जाऊन पाहिलं तर गिटारची सगळ्यात बारीक तार आपली आपणच तुटली होती. बाकीच्या पाचांवर गंज. मी पलंगाच्या कडेवर बसलो आणि एकदम डोक्यात आलं, शनिवारी टिटवी येणार आहे! दोन दिवसांसाठी का होईना, येणार आहे. नव्याकोऱ्या तारा घालून गिटार तयार ठेवायची. ती खोलीत जाणार, बघणार, चकित होणार, बसून वाजवणार. मी बाहेर पेपर तोंडासमोर धरून बसणार आणि यावेळी दारावर थाप मारणार नाही. मला एवढंच हवं होतं. त्या घरात एकदा आवाज व्हायला हवा होता.

शुक्रवारी वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार हनुवटीवर बोटभर दाढी राखून होता.

"इलेक्ट्रिक गिटारच्या तारा द्या. एक नंबर माल हवा!"

"कितीच्या देऊ काका? नऊ, दहा, अकरा?"

"सहाच हव्यात. सहाच असतात ना?"

"सहाच असतात. नऊ-दहा हा जाडीचा नंबर. कोण वाजवतं?"

"मुलगी."

"आधी कोणत्या नंबरच्या होत्या?"

मी छताकडे पाहिलं. ती गिटार माझ्या घरात आठ वर्षं होती.

"वाजवते कसं? तारा खेचून, ताणून? की नुसते ठोके?"

"मोठ्याने वाजवते," मी म्हणालो. मला तेवढंच माहीत होतं.

"मग ताईंना एक फोन करून विचारा ना. नंबर चुकला तर हाताला जड जातं."

"विचारायचं काय त्यात? अहो, मी चौतीस वर्षं दोर निवडलेत! सगळ्यात मजबूत नंबर कोणता?"

"जाड म्हणाल तर तेरा. पण काका..."

"तेरा!" मी जवळजवळ त्याचा हात धरला. "आमच्या लिफ्टचा दोर तेराचाच असतो! तेरा द्या!"

त्याचे तेरा हे इंचाच्या हजाराव्या भागात आणि माझे तेरा मिलिमीटरमध्ये, हा फरक त्याने मला समजावला. मी मान डोलावली. पण तेरा ऐकल्यावर जो विश्वास बसला तो बसला. "काका, गिटार सेट करून घ्यावी लागेल हं!" असं तो मागून ओरडत होता तेव्हा मी रस्ता ओलांडलेला होता.

शनिवारी टिटवी संध्याकाळी येणार होती. मी सकाळीच टेबलावर जुनी चादर पसरली, चष्मा चढवला, अवजारं मांडली. लिफ्टच्या धंद्यातला पहिला नियम: एक दोर गेला की सगळे बदलायचे. मी उरलेल्या पाचही तारा कापून टाकल्या. त्याबरोबर तारा जिथे अडकतात ती धातूची पट्टी "खट्" करून आत बसली! मागचं झाकण उघडलं तर पोटात तीन स्प्रिंगा. मी आनंदाने मांडीवर थाप मारली. अहो, हे तर आमचंच यंत्र! पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात. लिफ्ट आणि तिच्या पलीकडचं वजन! उगाच लोक संगीताला अवघड म्हणतात.

दुसरा नियम: सगळ्या दोरांवर ताण सारखा हवा. सहा तारा चढवल्या आणि बोटाने दाबून दाबून सगळ्या एकसारख्या कडक केल्या. स्वरबिर मी पाहिले नाहीत. लिफ्टच्या दोराला कुठे स्वर असतो? पट्टी पुढून गाडीच्या बॉनेटसारखी उघडायला लागली, तेव्हा मी मागच्या स्प्रिंगा आवळल्या. मग तारा ढिल्या वाटल्या, म्हणून त्या आवळल्या. मग पुन्हा स्प्रिंगा. तिसरा नियम: वंगण. तेही चोळलं. चौथा नियम: चिठ्ठी. "तपासणी केली. ताण योग्य. क्षमता: एक व्यक्ती." तारीख, सही, आणि ती दोऱ्याने गिटारच्या मानेला बांधली!

आणि मग मान बोलली.

"कर्रर्र..."

लाकूड वाकत होतं! सहा तेरा नंबरी तारा त्या मानेला धनुष्यासारखी ओढत होत्या. चौतीस वर्षांची सवय, दुसरं काय! मी उडी मारून मागे झालो आणि फुप्फुसं फाटेस्तोवर ओरडलो, "सरका! दोर जातोय! खाली कुणी थांबू नका!"

"टण्णण्!" एक तार सुटली आणि तेलाचा डबा खाली घेऊन गेली.

घरात सरकायला कुणीच नव्हतं. पण खिडक्या उघड्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी ऐकलं, की लिफ्टवाले भाऊजी दोर तुटला म्हणून बोंबलतायत. वहिनींनी सेक्रेटरींना फोन केला. सेक्रेटरी तसे कोणत्याही कामाला आठवडा लावणारे गृहस्थ! पण त्या दिवशी त्यांच्या अंगात वीज संचारली. ते धावत गच्चीवर गेले, लिफ्टचा मुख्य खटका बंद केला, मशीनच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि लिफ्टच्या कंपनीत फोन लागेना म्हणून स्कूटरवर बसून स्वतःच निघाले!

मी तेल पुसत होतो तेव्हा वहिनी दारात आल्या. "भाऊजी, लिफ्ट बंद केली हो! पण आत कुणीतरी अडकलंय! तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये!"

"कोणती लिफ्ट? लिफ्टला काय झालंय?"

"अहो, तुम्हीच तर ओरडलात!"

तेलकट हातांनीच तीन मजले खाली पळालो. चौथ्या मजल्याच्या दाराला कान लावला. "घाबरू नका! मी मेकॅनिक आहे! आत किती जण आहात?"

आतून आवाज आला, "बाबा?"

मी दाराच्या फटीला तोंड लावलं.

"टिटवे! तू तर संध्याकाळी येणार होतीस!"

"लवकरची गाडी मिळाली. म्हटलं, तुम्हाला सरप्राइज देऊ. लिफ्टला काय झालंय?"

"काही नाही. दोर ठणठणीत आहेत. पण खटका बंद आहे आणि किल्ली सेक्रेटरींच्या खिशात आहे आणि खिसा स्कूटरवर आहे. श्वास घेता येतोय ना? वर जाळी आहे, हवा येते. दार ढकलू नकोस. पाणी आहे का?"

"आहे, बाबा. मी बसलेय बॅगेवर. पण झालं काय नक्की?"

आता सांगणं भाग होतं. मीही पायरीवर बसलो. "तुझ्या गिटारला तारा घातल्या."

"तुम्ही? कोणत्या?"

"तेराच्या."

आतून हसू सुरू झालं. ते लिफ्टच्या पोकळीतून तळमजल्यापासून गच्चीपर्यंत घुमलं. इतका मोठा आवाज तिने गिटारवरही कधी काढला नव्हता.

"बाबा, मी नऊच्या घालते! केसासारख्या बारीक! एक शब्द विचारायचंत ना मला!"

"सरप्राइज..." मी म्हणालो. मग दार बंद होतं, तिचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून खरं बोलायला जमलं. "विचारणार कसं? आपलं बोलणं चाळीस सेकंदांत संपतं. त्यात गिटार कुठे बसवू?"

आत बॅग दाराजवळ सरकल्याचा आवाज आला.

"मला वाटायचं, तुम्हाला घाई असते," ती म्हणाली.

"मला? अगं, मला कसली घाई? मला वाटायचं, तुला असते."

"आणि गिटार कशाला? तुम्हाला तर तो आवाज सहन व्हायचा नाही."

"आता घरात कसलाच आवाज नसतो टिटवे. ते सहन होत नाही."

मग ती बोलत सुटली. तिच्या ऑफिसातला साहेब, खोलीतली गळकी मोरी, आईचा नंबर अजून फोनमधून काढता आलेला नाही ते. मी म्हटलं, मीपण काढलेला नाही. लिफ्टच्या त्या बंद दाराशी आम्ही पंचवीस मिनिटं बोललो. मध्येच वहिनी चहा घेऊन आल्या आणि दाराकडे बघून परत गेल्या.

सेक्रेटरी आले. जिन्यात घामाघूम होऊन विचारलं, "कुणी दगावलं नाही ना?" मी किल्ली घेतली, खटका चालू केला, लिफ्ट चौथ्यावर आणली. दार उघडलं. आणि समोरासमोर आल्यावर आम्ही दोघं काय बोललो म्हणता?

"जेवलीस?"

"नाही. तुम्ही?"

वर आल्यावर टिटवीने गिटार पाहिली, चिठ्ठी वाचली, तारांवरचं तेल बोटाने पुसलं. मान अशी वाकली होती की तार आणि लाकूड यांच्यामधून चमचा जाईल. "हिला दुकानातच न्यावं लागेल, बाबा." दुकान शनिवारी दुपारीच बंद होतं ते सोमवारी उघडतं आणि रविवारी संध्याकाळी तिची गाडी. म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते वाजवणं काही झालं नाही. चिठ्ठी मात्र ती पाकिटात घालून घेऊन गेली.

सोमवारी दाढीवाल्या दुकानदाराने गिटार ठेवून घेतली, मान सरळ केली आणि नऊच्या तारा घातल्या. हसला नाही, हे त्याचे उपकार. गिटार आता तिच्या खोलीत उभी आहे. नवीन चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर ठळक अक्षरांत "नऊ". मला पाठही आहे.

पण पुढच्या रविवारी फोन लावला, "जेवलीस?" झालं, "बरंय" झालं, आणि ती "ठेवू?" म्हणायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, पहिली तार तुटली बघ! कोणत्या नंबरची आणू?"

"नऊ, बाबा. तुटली कशी?" आणि वीस मिनिटं गेली.

त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तुटली. त्याच्याही पुढच्या. खरं सांगू? एकही तुटलेली नाही. सहाही तारा ठणठणीत आहेत, रोज सकाळी मी त्यांच्यावरची धूळ पुसतो. चौतीस वर्षांत एक खोटा अहवाल लिहिला नाही, आणि आता दर रविवारी पोटच्या पोरीला देतो!

गेल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "अगं टिटवे, ती पहिली तार..."

"बाबा," ती मध्येच म्हणाली, "पहिली सात वेळा तुटली. कुणालाही संशय येईल. पुढच्या रविवारी जरा तिसरी तोडा."

मी काय करणार? कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. रविवार, तिसरी.