जागची न हललेली निळी बॅग

सकाळी जंक्शनच्या क्लोकरूममध्ये ठेवलेली निळी बॅग संध्याकाळी वारसागावच्या क्लोकरूममध्ये सापडली, असे तिच्या मालकांचे ठाम मत होते. मध्ये अकरा किलोमीटरचा घाट आहे. बॅगेला दिवसभर कोणी हात लावलेला नव्हता.

बॅग निरीक्षकांची होती. वजनमापे खात्यात उभी हयात दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात घालवलेल्या या गृहस्थांचा चमत्कारांवर विश्वास नव्हता आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर तर मुळीच नव्हता.

"गाईड कशाला हवा?" घरून निघतानाच ते म्हणाले होते. "डोळे उघडे ठेवले की पुरे!"

त्यांच्या पत्नीला वारसागाव हे जुने, जतन केलेले गाव पाहायचे होते ते शाळेपासून. वर्गाची सहल तिथे गेली तेव्हा तिला नेमका गोवर निघाला. परतलेल्या मैत्रिणींनी सांगितले, की तिथल्या लाकडी सज्ज्यांखाली उभे राहून वर पाहिले, की नक्षीतून आकाश दिसते. ते आकाश तिच्या मनात राहून गेले. लग्नानंतर बेत तीनदा ठरला आणि निरीक्षकांनी तो तीनदा मोडला: एकदा गर्दी म्हणून, एकदा दरड म्हणून आणि एकदा नुसतीच शंका आली म्हणून. या खेपेला लेकीकडे जाताना दोन गाड्यांच्या मधला एक दिवस हाती लागला होता. लेकीकडून परतायचा रस्ता निराळा. आज हुकले की हुकलेच.

जंक्शन हे काही पाहायचे गाव नव्हे. तिथे उतरतात ते दुसरीकडे जाण्यासाठी. निरीक्षकांनी बॅग क्लोकरूममध्ये टाकली, घाटाच्या बसची परतीची तिकिटे काढली आणि खिशातून गोळ्यांची पट्टी बाहेर काढली.

"तुला बस लागते. वळणं फार आहेत, नेहमीच्या अर्ध्या गोळीनं भागायचं नाही. वजनाच्या प्रमाणात घेऊ. तुला एक, मला दोन."

"तुम्ही दोन?"

"तुझ्या सोबतीला. दर वेळी घेतो तशी. सोबत कशी पूर्ण मापाची हवी!"

"बरं," असे म्हणून तिने गोळी गिळली.

बस सुटली. पहिल्या वळणावर निरीक्षक म्हणाले, "आता डोळे उघडे..." आणि ते वाक्य तिथेच राहिले.

जाग आली तेव्हा बस थांबलेली होती. बाहेरचा उजेड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा मऊ झाला होता. बोट लावले असते तर तुटून पडला असता.

"आलं वाटतं," पत्नी म्हणाली.

दोघे उतरली आणि तरंगत निघाली. लोखंडी खांबांच्या एका लांबलचक मंडपात नुकत्याच धुतलेल्या बस हत्तींसारख्या निथळत उभ्या होत्या. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बसमध्ये बाकांवर गवत उगवले होते आणि तिच्या स्टिअरिंगला वेलाने अलगद विळखा घातला होता. पलीकडे जमिनीत बसवलेल्या एका प्रचंड चकतीवर रेल्वेचे एक इंजिन आवाज न करता गोल फिरत होते, जणू कोणी सावकाशपणे साऱ्या गावाची वेळ लावत होते. निळ्या कपड्यांतली माणसे लोखंडी पाने हातात घेऊन गाड्यांखाली शिरत होती, ती पुन्हा बाहेर येतच नव्हती.

"पोशाखसुद्धा एकसारखा ठेवलाय!" निरीक्षक भारावून म्हणाले. त्यांनी गवताच्या बसपाशी एका मेकॅनिकला गाठले. "हे किती जुनं?"

"माझ्या आधीचं आहे, काका."

"अजून चालतं?"

"ढकललं तर."

"ऐकलंस? किती सचोटीनं सांगतात इथली माणसं!"

रस्त्याच्या कडेला एक दगड होता. त्यावर लिहिले होते: वारसागाव ११.

"अहो, हा दगड इथे कसा?"

"जतन केलाय," निरीक्षक म्हणाले. "मूळ जागेवरून उचलून आणला असणार. शास्त्रोक्त काम आहे!"

शेवटी कामगारांच्या चाळीसमोर ती दोघे उभी राहिली. लोखंडी सज्जे होते. त्यांवर धुणे वाळत होते.

"लाकडी म्हणाल्या होत्या ना मैत्रिणी?"

"लोखंडाचा रंग दिलाय. वाळवी लागू नये म्हणून."

पत्नी सज्ज्याखाली गेली. वर पाहिले. एक पायजमा दिसला.

"एवढंच होतं तर," ती हळूच म्हणाली. निरीक्षकांनी घड्याळ पाहिले.

उतरती उन्हे घेऊन ती दोघे परतीच्या बससाठी निघाली. वाटेत पाटी दिसली: क्लोकरूम. आत फळीवर निळी बॅग होती आणि तिच्या कडीला पत्नीनेच बांधलेली लाल चिंधी होती.

"ही बॅग इथे कशी आली?" निरीक्षक गरजले.

"तुम्हीच ठेवलीत की सकाळी," क्लोकरूमवाला म्हणाला.

"मी ती जंक्शनला ठेवली होती!"

"मग बरोबर आहे."

"काय बरोबर आहे? घाटातून कोणी आणली ते सांगा!"

"साहेब, सकाळपासून हीच फळी आणि हीच बॅग. मीही हाच."

निरीक्षकांनी विचार केला. बॅग जंक्शनला ठेवली. बॅग हललेली नाही. बॅग आपल्यासमोर आहे. यापुढचे वाक्य त्यांना दिसत होते, पण ते उच्चारण्याची घाई नव्हती.

"म्हणजे आपण जंक्शनला आहोत," पत्नीने ते उच्चारले.

"काय काका, झोप झाली का?" मागून आवाज आला. सकाळच्या बसचा कंडक्टर होता. "वर पोचल्यावर हलवलं की तुम्हाला! डोळे न उघडता म्हणालात, 'पाहिलं. ठीक आहे. चला.' मला वाटलं, पूर्वी येऊन गेलेले दिसतात. परतीचं तिकीट होतंच. आणलं खाली, मागं डेपोत उतरवलं."

निरीक्षकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. लग्नाइतक्या जुन्या वादळाची ते वाट पाहत होते.

"म्हणजे मघाचे ते सज्जे," ती सावकाश म्हणाली, "ते वारसागावचे नव्हतेच?"

"नव्हते."

"म्हणजे खरे अजून बघायचेत!" आणि तिचा चेहरा शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा उजळला. "वर जायला बस आहे का हो?"

"शेवटची सुटतेय, काकू. उभ्यानं यावं लागेल."

"अगं, आपली गाडी..."

"जाऊ दे गाडी! आणि ती पट्टी इकडे द्या." गोळ्या बॅगेत गेल्या. बॅग फळीवरच राहिली.

पहिल्या काही वळणांवर पत्नी खिडकीबाहेर पाहत गुणगुणत होती. मग निरीक्षक पिवळे झाले. मग हिरवे झाले. कंडक्टरने सराईतपणे एक प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली.

"तुला," पिशवीतून तोंड काढत निरीक्षकांनी विचारले, "काहीच होत नाही?"

"मला बस लागत नाही हो. कधीच लागली नाही."

"मग इतकी वर्षं गोळी?"

"आपल्या पहिल्याच प्रवासात तुम्ही असेच हिरवे झालात, आणि मलाच विचारलंत, 'तुला बरं वाटत नाही का?' म्हटलं, असू दे. एकट्यानं गोळी घ्यायची तुम्हाला लाज वाटेल."

निरीक्षकांना यावर बरेच बोलायचे होते, पण पुढचे वळण आले.

बस वर पोचली तेव्हा गावावर शेवटचे केशरी ऊन होते. पत्नी एका लाकडी सज्ज्याखाली जाऊन उभी राहिली आणि तिने मान वर केली. नक्षीतून आकाश दिसत होते; पानांच्या, पाखरांच्या आकाराचे छोटे छोटे केशरी तुकडे. त्यांतले काही तिच्या चेहऱ्यावर पडले होते.

"अहो, वर बघा ना!"

निरीक्षक पायरीवर बसले होते. डोके गुडघ्यांत होते. त्या स्थितीत त्यांना गटाराचे एक झाकण तेवढे दिसत होते.

"ओतीव काम चांगलं आहे," ते क्षीण आवाजात म्हणाले.

बॅगेचे कारण असे: जिला बस लागत नव्हती तिने एक गोळी घेतली आणि ज्यांना लागत होती त्यांनी दोन घेतल्या, दोघांनीही एकमेकांच्या सोबतीला. त्या गोळीने झोप येते.