घरगुती कॉम्प्रेसरची निवड समिती

हवा सगळीकडे आहे, पण योग्य मंजुरीशिवाय ती टायरमध्ये जाऊ नये, हे औद्योगिक संस्कृतीचं मूलतत्त्व आहे. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर असलेल्या मालोजीरावांनी हे तत्त्व थेरगावातल्या आपल्या रो-हाऊसच्या गॅरेजपर्यंत आणलं, याबद्दल त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे. (गॅरेज म्हणजे गाडी सोडून बाकी सगळं ठेवण्याची जागा. गाडी रस्त्यावर असते.)

प्रकरण साधं होतं. त्यांच्या नववीतल्या पिंकीच्या सायकलची हवा गेली होती. महिन्याभरावर शाळेच्या सायकल संघाची निवड चाचणी होती. पिंकीला त्या संघात जायचं होतं, इतकं की ती कुणी न उठवता पहाटे उठायला लागली होती.

“पप्पा, मी चौकातनं हवा भरून आणते,” ती म्हणाली.

मालोजीराव हसले. चौकातली हवा! तिच्यात ओलावा किती, तेल किती, दाबाचं मीटर शेवटचं कधी तपासलं, कुणाला पत्ता नाही. “बाळा, मूळ कारणावर काम करायचं असतं,” ते म्हणाले. “हवा का गेली हा प्रश्नच नाही. घरात कॉम्प्रेसर का नाही, हा प्रश्न आहे.” मग त्यांनी सायकलला लाल टॅग बांधला: ‘होल्ड. वापरू नये.’ कंपनीत सदोष मालाला बांधतात, तोच. सायकलभोवती जमिनीवर पिवळी चौकटही आखली. टॅग लागलेला माल निर्णय होईपर्यंत हलत नाही. जिथे खुद्द प्लँट हेडला हलवता येत नाही, तिथे पोटच्या पोरीची काय कथा!

“अहो, हवाच भरायचीय ना?” त्यांची बायको दिव्या म्हणाली. याची नोंद ग्राहकाची तक्रार म्हणून घेण्यात आली.

लगोलग व्हॉट्सॲपवर निवड समिती स्थापन झाली. परचेसचा ज्योतीराम, मेंटेनन्सचा दिग्विजय आणि अध्यक्ष स्वतः. तिघांनाही सायकल चालवून वीस वर्षं झाली होती, त्यामुळे समितीच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

“राव, टाकी किती लिटरची घ्यायची?” ज्योतीरामने पहिल्याच बैठकीत मुद्द्याला हात घातला.

सायकलीला चिमूटभर हवा पुरते. पण मग स्कूटर? कार? सोफ्यामागची धूळ? उद्या गेटला स्प्रेने रंग मारायची वेळ आली तर? (मालोजीरावांनी आजवर दिवाळीच्या पणतीलाही रंग दिलेला नाही.) समितीच्या अभ्यासानुसार एकूण गरजेत सायकलीचा वाटा दोन टक्के आणि ‘उद्या लागलं तर’चा अठ्ठ्याण्णव टक्के निघाला. बिनतेलाचा घ्यावा तर आवाज फार. तेलाचा घ्यावा तर वजन फार. “छोटा घेऊन पस्तावू नका भावा,” दिग्विजय म्हणाला. “घ्यायचा तर दोन सिलिंडरचा घ्या, नाहीतर तोंडाने फुंका.” हा सल्ला बहुमताने मंजूर झाला, पहिला अर्धा.

“पप्पा, या रविवारी चाचणी आहे,” तीन आठवड्यांनी पिंकी म्हणाली.

“शुक्रवारी तुलनात्मक तक्ता पूर्ण होतोय,” मालोजीराव म्हणाले, आणि शुक्रवारी ज्योतीरामने तक्त्यात आवाजाचा रकाना नसल्याची गंभीर बाब निदर्शनास आणली.

रविवारी पिंकी चालत मैदानावर गेली. दोरीबाहेर उभी राहून तिने मैत्रिणींसाठी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तिने बाथरूमचा नळ सोडला आणि आत बसून पोटभर रडली. नळ इतका वेळ का चालू आहे, याचं मूळ कारण मात्र कुणी शोधलं नाही.

यथावकाश कॉम्प्रेसर टेम्पोतून आला. चौघांनी उचलला. दिव्याने त्याला हळदीकुंकू वाहिलं, ज्योतीरामने नारळ फोडला. अडचण एवढीच की तो ठेवायला जागा नव्हती. पण कंपनीचा नियम अशा वेळी पाठीशी उभा राहतो: लाल टॅग लागलेली जी वस्तू महिनाभर जागची हलली नाही, ती अनावश्यक समजून निकालात काढावी. सायकल तर महिनाभर तसूभरही हलली नव्हती. ती भंगारात गेली.

भंगारवाल्याने सायकल चौकापर्यंत हाताने ढकलत नेली, तिथे हवा भरून घेतली आणि तिच्यावर बसून निघून गेला. पिंकी गॅलरीतून बघत होती.

ही हकीकत आजवर बऱ्याच जणांना सांगून झाली. सगळे हळहळतात, मालोजीरावांना नावं ठेवतात, “पोरीचं वाईट झालं हो,” म्हणतात. मग जरा थांबून, आवाज खाली आणून विचारतात, शेवटी घेतला कोणता? तुमच्याही ते ओठांवर आलंच असेल, तर सांगून टाकतो: दोन सिलिंडरचा, बेल्टवाला, टाकी शंभर लिटरची. पिंकी आता शाळेला कशी जाते, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.