पाठीवरची खूण

“माझ्या हॉटेलात कोरोना आलाच, तर तोच आजारी पडून माघारी जाईल,” असं हनुमंत पानशेतच्या रस्त्यावर भेटेल त्याला ऐकवत होता. लॉकडाऊनमध्ये त्याच्या ‘धरणदर्शन’ हॉटेलाला जे टाळं लागलं, ते दिवाळी तोंडावर आली तेव्हा निघालं. तेही तात्पुरतं. रविवारी तपासणीचे साहेब येणार होते. त्यांना बंदोबस्त पटला, तर दिवाळीत पुण्याची गिऱ्हाइकं. नाही पटला, तर पुन्हा टाळं. मग खोल्यांमध्ये कांदा भरू, असं त्याच्या बायकोनं, रत्नानं, आधीच सांगून ठेवलं होतं.

बंदोबस्त म्हणजे पाट्या, असा हनुमंताचा समज. हात धुवा, अंतर ठेवा, हसताना तोंड झाका. ‘पोहण्याचा तलाव बंद आहे’ अशीही एक पाटी होती. तलाव मुळात नव्हताच, पण काहीतरी बंद ठेवलेलं दिसलं की साहेबांना बरं वाटतं, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांत मोठा फ्लेक्स रस्त्याच्या कडेला उभा केला: मास्क लावून हात जोडलेला हनुमंत, आणि खाली ‘आपले आरोग्य, आमचा ध्यास’.

शिवाय सकाळ-संध्याकाळ पाठीला पंप बांधून तो भिंतींवर औषध फवारत होता, भातावर फवारावं तसं. दोन दिवसांपासून त्याला खोकला होता आणि अंगही कणकणत होतं. डॉक्टरला दाखवा, असं रत्ना म्हणाली, तर तिलाच त्यानं समजावलं की घसा औषधानं धरलाय आणि अंग पंपानं.

राहिला प्रश्न फाटकावर माणूस उभा करण्याचा. जुने वेटर आपापल्या गावी गेले ते परतलेच नव्हते. तेव्हा वरच्या वाडीतले सावळामामा त्यानं बोलावून आणले. मामांचा जन्म मेंढरांमागे गेलेला. ताप मोजायची बंदूक त्यांच्या हातात देऊन हनुमंतानं तासभर भाषण केलं. एकही माणूस तपासल्याशिवाय आत जाता कामा नये. एकाला दोनदा तपासायचं नाही, पुण्याची माणसं चिडतात. आणि कुणाला ताप निघाला, तर आरडाओरडा अजिबात नको, गिऱ्हाईक पळतं. त्याला गुपचूप वेगळं काढायचं.

“एवढंच व्हय?” मामा म्हणाले. “आमी मेंढरांच्या सगळ्या वाड्याला जंताचं औशिद पाजतो. एक मेंढरू सुटत न्हाई का एक दोनदा पीत न्हाई.”

ते कसं, हे हनुमंतानं विचारलं नाही. भाषण करणारा माणूस सहसा विचारत नाही.

रविवारी सकाळी पांढरा शर्ट घालून तो फाटकावर आला आणि बंदूक कशी धरायची, हे दाखवण्यासाठी मामांना स्वतःच्याच कपाळावर धरायला लावली. यंत्र किंचाळलं. आकडा न बघताच हनुमंत म्हणाला, “बघा, चालू हाय,” आणि पाठ फिरवून मांडवात टेबलं लावायला निघाला. तो वळताच मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याला वाटलं शाबासकी दिली.

दुपारपर्यंत गाड्या लागल्या. घरात कोंडून पिकलेली माणसं मोकळी हवा खायला आली होती आणि मास्क हनुवटीला लटकवून एकमेकांच्या कानात बोलत होती. मामा प्रत्येकाच्या कपाळाला बंदूक लावत, आकडा बघत, आणि “चला म्होरं” म्हणून पाठीवर हलकी थाप देत. त्या थापेचं लोकांना फार कौतुक वाटलं. गावाकडची माया, असं कोथरूडच्या स्नेहलनं आपल्या नवऱ्याला, स्वरूपला, सांगितलंसुद्धा.

पिठलं-भाकरी येईपर्यंत सगळं ठीक होतं. मग स्नेहलला पुढच्या टेबलावरच्या गृहस्थांच्या पाठीवर अंगठ्याएवढा लाल ठिपका दिसला. शेजारच्या आजींच्या साडीवरही तसाच. तिनं हलकेच खुर्ची मागं सरकवली. फाटकावर तपासतात आणि तोंडावर सांगत नाहीत, याचा अर्थ काय, हे तिनं स्वरूपला विचारलं. स्वरूप पाणी आणायला उठला, तर त्याच्याही पाठीवर ठिपका! स्नेहलनं नवऱ्याचं ताट पलीकडच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

कुणालाच स्वतःची पाठ दिसत नाही, ही देवाची मोठी सोय आहे. त्या मांडवात प्रत्येकाला कळून चुकलं की बाकीचे सगळे बाधित आहेत आणि आपण तेवढे निरोगी. कुणी काही बोललं नाही, कारण बोलायला तोंड उघडावं लागतं. हनुवटीवरचे मास्क नाकावर चढले. खुर्च्या भिंतीकडे सरकल्या. पंगतीत दोन माणसांमध्ये बैल उभा राहील एवढी जागा झाली.

एकट्या हनुमंताच्या पाठीवर निळा ठिपका होता. स्नेहलनं तो बरोबर हेरला. लाल म्हणजे धोका, मग निळा म्हणजे सुरक्षित, एवढं तर सिग्नल पाळणाऱ्यांना कळतंच. सिग्नलला निळा दिवा नसला तरी. झालं! भाकरी मालकांनीच वाढावी, पाणी मालकांनीच द्यावं, असा आग्रह सुरू झाला. आजींनी तर त्याला शेजारी बसवून घेतलं. हनुमंत गहिवरला. मास्क खाली ओढून, मधेमधे खोकत, टेबलाटेबलाशी वाकून तो आपला बंदोबस्त समजावू लागला.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी मांडवावर नजर फिरवली. सगळे मास्क नाकावर, सगळे लांब लांब, आवाज नाही. इतकी शिस्त त्यांनी स्वतःच्या कचेरीतही पाहिली नव्हती. त्यांनी हनुमंताच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्या तालुक्यानं इथे येऊन शिकावं, असं म्हणत सहीसाठी पेन काढलं.

“साहेब,” स्नेहल चार हातांवरून म्हणाली, “तुमच्यासुद्धा पाठीवर आहे.”

साहेबांनी सफारी काढून पाहिली. लाल! मग ड्रायव्हरला वळवून पाहिलं. तोही लाल. मामांना फाटकावरून बोलावलं, तर ते एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात रंगाचे दोन डबे घेऊन आले.

“लाल म्हंजी तपासलंय, निरोगी हाय,” मामा म्हणाले. “खूण नसली तर कळायचं कसं? रंग धुतल्यावर जातोय.”

मांडवभर सुस्कारा पसरला. लोक हसले. स्वरूपचं ताट पुन्हा बायकोच्या टेबलावर आलं. साहेबही हसले आणि हनुमंताच्या खांद्यावर पुन्हा हात टाकून त्यांनी पेन उघडलं.

“आणि निळा?” आजींनी विचारलं.

“त्यो ताप असलेल्याला. कळपातनं येगळं काढायचं म्हून.”

हनुमंताच्या खांद्यावरचा साहेबांचा हात कधी निघाला, ते कुणाला दिसलं नाही. आजी मात्र त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगानं उठल्या.

“मामा,” हनुमंत कसाबसा म्हणाला, “मला सकाळीच सांगायचं न्हाई व्हय?”

“तुमीच म्हनला, वरडायचं न्हाई. गुपचूप येगळं काढायचं. म्या खूण केली. पर तुमी येगळं ऱ्हातच न्हाई, सारखं कळपात शिरताय.”

गाड्या आल्या त्याच्या दुप्पट वेगानं गेल्या. साहेबांनी सही केली, पण ती टाळं लावायच्या कागदावर. हनुमंताची चाचणी त्याच्या निळ्या ठिपक्याशी सहमत निघाली आणि त्याची रवानगी त्याच्याच हॉटेलातल्या सगळ्यांत चांगल्या खोलीत झाली. रत्ना दाराबाहेर ताट ठेवून जायची आणि पलीकडच्या खोल्यांत कांदा भरायची. मामा जाता-येता खिडकीतून बंदूक दाखवून पुढे जायचे.

त्या खोलीच्या दारावर ‘खिडकीतून धरणाचे पूर्ण दर्शन’ अशी पाटी होती. हनुमंतानं पहिल्या दिवशी मोठ्या हौसेनं खिडकी उघडली. धरण तिथंच होतं, पण मधे रस्त्याच्या कडेचा फ्लेक्स उभा होता. गिऱ्हाइकांकडे तोंड करून हात जोडलेला. हनुमंताला दिसत होती ती फक्त त्याची पाठ.