स्कूटीचं ना-हरकत पत्र

ऋजुता खैरनारला गाडी चालवायला डॉक्टरांनी हो म्हटलं, परवाना ऑफिसने हो म्हटलं, आणि तिची स्कूटी नाही म्हणाली.

आता नियम काय, सगळ्यांना पाठच आहे. फिट येते म्हणून परवाना जमा झाला की तो परत मिळायला दोन कागद लागतात. एक डॉक्टरांचा, की दोन वर्षांत एकही फिट नाही. दुसरा गाडीचा, की आपली हरकत नाही. डॉक्टरांच्या कागदासाठी ऋजुताने काय नाही केलं! सकाळी आठ, रात्री आठ, गोळी म्हणजे गोळी. केस गळाले, जिभेवर आलेले शब्द परत आत गेले, मैत्रिणीच्या हळदीत ती डीजेसमोर खुर्चीत झोपून गेली. पण दोन वर्षांत एक गोळी चुकवली नाही. तिचं काम घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं, आणि ही दोन वर्षं ती लॅबच्या काउंटरवर बसून बाटल्यांना लेबलं चिकटवत होती. परवाना मिळाला तरच जुनं काम परत मिळणार होतं. गाडी काय, आपलीच आहे, देईल सही, असं ती धरून चालली होती.

सुनावणी सोमवारी होती. दादाने स्कूटी ढकलत आणली आणि टेबलासमोर मधल्या स्टँडवर लावली.

"हरकत काय आहे तुमची?" परवाना ऑफिसच्या देवरे मॅडमनी स्कूटीला विचारलं.

"फिटबद्दल काही नाही," स्कूटी म्हणाली. "येते बिचारीला. थंडीत मीपण झटके खाते."

"मग?"

"माझे ब्रेक फेल झाले म्हणून सांगितलं हिने सगळ्यांना."

आई पर्समध्ये रुमाल शोधायला लागली.

"नीट सांगा. तारखेपासून," मॅडम म्हणाल्या.

स्कूटीने सांगितलं. त्या दिवशी ऋजुताला बघायला पाहुणे येणार होते, सटाण्याचे. गोळीने डोळे जड होतात, पोरगी पेंगलेली दिसायला नको, म्हणून आई म्हणाली, आज एक दिवस राहू दे. ऋजुतानेही राहू दिली. मग ती पेढे आणायला खाली आली. स्कूटी रोजच्यासारखी म्हणाली, गोळी घेतलीस? ऋजुता म्हणाली, घेतली. तेवढ्यावर स्कूटी चालू झाली. सिग्नलच्या अलीकडे ऋजुताचे हात ताठ झाले, मान वळली.

"उजवीकडे ट्रक होता," स्कूटी म्हणाली. "मी डावीकडे कलले. भाजीवालीच्या फ्लॉवरच्या ढिगात."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक चांगले होते. तीन मेकॅनिकनी उघडून बघितले. त्या वर्षी दसऱ्याला पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांना हार घातले. वॉचमनच्या सायकललासुद्धा. मला नाही. सोसायटीतले भामरे काका म्हणाले, हिला कशाला, ही माणसं मारते."

मॅडमनी चष्मा काढला. "खरंय का हे, खैरनार?"

"हो," ऋजुता म्हणाली. "पंधरा दिवसांनी लॅबमध्ये सगळ्यांसमोर फिट आली, आजार बाहेर पडला, स्थळही गेलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण मग कुणी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही."

"मी तर रोज खालीच उभी होते," स्कूटी म्हणाली.



खोट्याचा नियम साधा आहे. ज्यांना सांगितलं, त्यांच्यासमोरच परत घ्यायचं. रविवारी सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये भरली. पाण्याच्या टाकीचा विषय संपल्यावर ऋजुता उभी राहिली. आईने तिचा दुपट्टा ओढून पाहिला, मग सोडला.

"ब्रेक गेले नव्हते," ऋजुता म्हणाली. "मला फिट आली होती. गोळी मी घेतली नव्हती, आणि घेतली म्हणून सांगितलं होतं. हिने मला वाचवलं."

भामरे काका म्हणाले, "अगं, मग लगेच कांदा हुंगवायचा ना कुणीतरी!"

"काका, कांद्याने काही होत नाही," ऋजुता म्हणाली.

"म्हणजे गाडी चांगलीये?"

"चांगलीये."

"हात्तिच्या," काका स्कूटीकडे वळून म्हणाले. "राग मानू नको हं बाई."

देवरे मॅडम स्टॅम्पपॅड घेऊन आल्या होत्या. स्कूटीने पुढचं चाक त्यावर टेकवलं, मग कागदावर. मॅडमनी मोठ्याने वाचून दाखवलं: "अर्जदाराने कुठलीही गाडी चालवण्यास हरकत नाही. मी सोडून."

"हे बदलता येईल?" ऋजुताने विचारलं.

"हक्क आहे गाडीचा," मॅडम म्हणाल्या. "तिने बदली मागितलीये. पलीकडच्या गल्लीत एक निकम आजोबा आहेत, रोज सकाळी गणपतीला जातात. वीसच्या वर पळवत नाहीत."

स्कूटी त्याच दिवशी गेली. ऋजुताला परवाना मिळाला, काम परत मिळालं, हप्त्यावर एक पांढरी गाडीही आली. ती चांगली आहे. काही विचारत नाही.

दसऱ्याला ऋजुताने झेंडूचे दोन हार घेतले. एक पांढरीला घातला. दुसरा घेऊन ती सव्वाआठला गणपतीच्या देवळाबाहेर गेली. स्कूटी चपलांच्या स्टँडशेजारी उभी होती. तिच्या गळ्यात हार होता, आपट्याची पानंही खोचलेली होती.

ऋजुता हातात हार धरून तशीच उभी राहिली.

"गोळी घेतलीस?" स्कूटीने विचारलं.

"घेतली."

"दाखव."

ऋजुताने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून धरली. आजचा खळगा रिकामा होता. स्कूटीने नीट बघून घेतलं.

"बरं," ती म्हणाली.

आजोबा दर्शन घेऊन आले, बसले, आणि स्कूटी पहिल्या किकला चालू झाली.