हैबतरावांचं पेपरमिंटचं तेल

एका जंगलात, मुलांनो, तीन आठवडे सर्दीनं बेजार झालेलं एक अस्वल होतं. त्याचं नाव हैबतराव. नाक चोंदलं की अस्वलाचं सगळंच अडतं. मध कुठे आहे कळत नाही, वारूळ कुठे आहे कळत नाही. हैबतराव बिचारे तोंडानं श्वास घेत एका जागी बसून होते.

अशात पर्यटकांच्या जीपमधून एक खोकं ओढ्याच्या वळणावर पडलं. त्यात बोटभर उंचीच्या चाळीस बाटल्या होत्या. हैबतरावांनी एक उघडून नाकाजवळ नेली. डोळ्यांत पाणी आलं, कानांत वारा शिरल्यासारखं झालं, आणि पाठोपाठ ओढ्यापलीकडच्या मोहाचा वास आला. बाटलीत पेपरमिंटचं तेल होतं.

हैबतराव खोकं घेऊन तडक तानूआक्काकडे गेले.

तानूआक्का जातीनं साळू आणि कामानं जंगलाची सुईण. अंगभर सुया असलेल्या बाईनं सुईण व्हावं, याचं तिथे कुणाला हसू येत नसे. निम्मं जंगल तिच्याच हातावर जन्मलेलं होतं. शिवाय तिला वाचता येई. तिचं बीळ वनमजुरांच्या शाळेमागे होतं, त्यामुळे बाराखडी ऐकतच ती मोठी झाली होती.

त्या दिवशी हरिणीच्या बाळंतपणात जागून तिचं डोकं ठणकत होतं. हैबतराव बाटली तिच्या कपाळावर उपडी करणार, तेवढ्यात तिनं त्यांचा हात धरला. खोक्यात घडी घातलेला एक कागद होता, तो मागून घेतला आणि सावकाश वाचला. तेल नुसतं लावू नये, थेंबभर तेल चमचाभर साध्या तेलात मिसळावं. डोळ्यांत जाऊ देऊ नये. पिऊ नये. मांजरांपासून लांब ठेवावं. तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ तर नेऊच नये, त्याचा श्वास अडखळतो.

तिनं तिळाच्या तेलात एक थेंब कालवून कपाळाला लावला. गार वाटलं. थोड्या वेळानं ठणका उतरला.

"तेल चांगलं आहे हैबतराव," ती म्हणाली, "पण कुणाला आणि किती, हे बघून वापरायचं."

वाक्याचा दुसरा भाग संपेपर्यंत हैबतराव निम्म्या वाटेवर पोचले होते.

दर बुधवारी अर्जुनाच्या झाडाखाली सभा भरू लागली. हैबतराव आपल्या नाकाची कहाणी सांगत आणि शेवटी म्हणत की तेल चांगलं आहे, असं खुद्द तानूआक्का म्हणतात. यात खोटं काहीच नव्हतं. लंगूरांनी तेल गालांना चोपडलं. झोंबलं तेव्हा हैबतरावांनी समजावलं की झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. रानडुक्कर अर्धी बाटली प्यायलं आणि छाती धरून बसलं. त्याची जुनी जळजळ बाहेर पडते आहे, असं ठरलं. रानमांजर तेल चाटून झोकांड्या खाऊ लागलं, तेव्हा त्याची श्रद्धा कमी पडली, असं ठरलं.

तानूआक्काच्या कानावर हे सगळं येत होतं. एका बुधवारी ती कागद घेऊन सभेला गेली. हैबतरावांनी तिला पुढे बसवलं, गळ्यात करंजाच्या फुलांचा हार घातला आणि ती आपली मुख्य सल्लागार असल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. तिला बोलायला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही मागितलं नाही. खरं सांगायचं तर, मुलांनो, तिला बरं वाटलं. जन्मभर ती अंधाऱ्या बिळांतून आणि ढोल्यांतून राबली होती. चारचौघांत हार पहिल्यांदाच मिळाला होता. कागद काय, पुढच्या बुधवारी वाचू, असं तिनं मनाशी म्हटलं. पुढच्या बुधवारीही तिनं तेच म्हटलं.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी शेवंता सशीण धावत आली. तिच्या तोंडात तिचं आठ दिवसांचं पिल्लू लोंबकळत होतं. पिल्लू शिंकत होतं म्हणून हैबतराव प्रेमानं बाटली घेऊन तिच्या घरी आले होते आणि त्यांनी नाकाखाली बोटभर तेल नुसतंच चोळलं होतं. पिल्लानं एक मोठा आचका दिला होता आणि ते गप्प झालं होतं.

तानूआक्कानं पिल्लू घेतलं आणि बिळाबाहेर मोकळ्या वाऱ्यात नेलं. मऊ गवताचा बोळा साध्या तेलात बुडवून तिनं त्याचं नाक, ओठ पुन्हा पुन्हा पुसले. मग त्याला पालथं धरून पाठ चोळत राहिली. तानूआक्काच्या मनात एकच येत होतं, की कागद आपल्याजवळ होता. पाठ हलली. पुन्हा थांबली. ती चोळत राहिली. शेवटी पिल्लू खोकलं, एक बारीक किंकाळी फोडली आणि श्वास घेऊ लागलं.

करवंदीच्या जाळीआड हैबतराव डोकं धरून बसले होते.

"मी चांगल्या मनानंच लावलं हो, आक्का."

"ठाऊक आहे," तानूआक्का म्हणाली. "मीही चांगल्या मनानंच गप्प बसले होते."

बुधवारी ती सभेत उभी राहिली. आधी तो वाळलेला हार उतरवून ठेवला. पिल्लाचं काय झालं ते सांगितलं, आपण दोन बुधवार का बोललो नाही तेही सांगितलं, आणि मग कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. हैबतराव तिच्या शेजारी मान खाली घालून उभे होते. मग सगळ्यांसमोर म्हणाले की झोंबण्याबद्दल आपण जे सांगितलं ते मनानंच रचलेलं होतं.

म्हाताऱ्या सांबरानं विचारलं, "म्हणजे हे सांधेदुखीवर, संसारातल्या कटकटींवर आणि वाघाच्या भीतीवर चालत नाही?"

"सांध्यांना थोडा आराम पडेल," तानूआक्का म्हणाली. "बाकी दोन्हींवर नाही."

सांबर उठलं. त्याच्यामागे लंगूर उठले. छाती अजून धरून बसलेलं रानडुक्कर सगळ्यांत नाराज होतं. आपली जळजळ बाहेर पडत होती हेच बरं होतं, असं ते म्हणालं. त्या सुमाराला पलीकडच्या तळ्यावर एक बगळा निळा चिखल वाटू लागला होता. तो चिखल सगळ्यांवर चालतो आणि त्याच्याबरोबर कागद नसतो, अशी बातमी होती. संध्याकाळपर्यंत अर्जुनाखाली तिघंच उरली: तानूआक्का, हैबतराव आणि कुशीत पिल्लू घेतलेली शेवंता.

"आता तर आपण सगळं खरं सांगतो," हैबतराव म्हणाले. "मग कुणी येत का नाही?"

तानूआक्का पिल्लाच्या पोटावर हात ठेवून त्याचा श्वास बघत होती. एक, दोन, तीन. अगदी नीट चालला होता.

"कारण हैबतराव, पूर्वी हे तेल सगळं बरं करायचं," ती म्हणाली. "आता ते फक्त ठणका उतरवतं."

तात्पर्य: मुलांनो, औषध लोकप्रिय करायचं असेल तर ते कशाकशावर चालतं हे खुशाल सांगावं. कशावर चालत नाही, हे मात्र चुकूनही सांगू नये. सांगितलंत तर रोगी वाचतील, पण सभा मोडेल.