जानबाच्या नडगीतली सळई

कातळवाडीच्या आंबट जमिनीतला कुजका पाला धातू सापडला की धरतो, आणि ऊन मावळेपर्यंत कुणी सोडवला नाही तर कायमचा ठेवून घेतो. म्हणून फणसाच्या राईत शिरण्याआधी लोक कोयता, किल्ल्या, अंगठ्या राईभोवतीच्या दगडी गडग्यावर काढून ठेवतात.

"मला धरील असा पाला अजून झाडावरून पडायचाय!" जानबा शेलार राईतून ओरडला. "बाकी सरपंचांना तेवढं बोलवा. पाय निघत नाहीये."

त्याने सगळं काढून ठेवलं होतं, पट्टासुद्धा. पण मागे एकदा फणसावर बसून, माकडाचा आवाज काढून बायांना घाबरवताना तो खाली पडला होता. तेव्हा डॉक्टरांनी नडगीत सळई घातली. ती काढून ठेवायची राहिली.

सरपंच प्रभाकर घाग आले ते तोंड उघडं ठेवून, जिभेला वारा देत. सकाळीच जानबाने त्यांना विडा दिला होता. त्यात पानापेक्षा चुना जास्त.

"का धरलंस?" त्यांनी पाल्याला रीतसर विचारलं.

"आंबट जमिनीत मोकळा धातू मुळांना जाळतो," पाला म्हणाला. "आम्ही धरून बसतो म्हणून तुमचे फणस उभे आहेत."

"पण सळई माणसाच्या आत आहे."

"माणूस आम्ही धरलेला नाही. तो सळईबरोबर आलाय."

जानबाला हे पटलं, आणि पटलं म्हणूनच घाम फुटला. पाय पाल्यात गुडघ्यापर्यंत गेला होता. ऊन फणसाच्या शेंड्यांवर चढलं होतं.

"चुन्याने सुटतो ना?" सरपंचांनी विचारलं.

"सुटतो. आंबटपणा गेला की आमची पकड ढिली होते."

"मग काढ की डबी, जानबा."

जानबाने चंचीतली प्लॅस्टिकची डबी काढून उघडली. आत बोट फिरवलं. काही नाही.

"चुना कुठाय?"

"तुमच्या जिभेवर," जानबा म्हणाला आणि सवयीने हसला. एकटाच. तेवढ्यात तो मांडीपर्यंत आत गेला.

वाडीत दुसऱ्या कुणाकडे चुना नव्हता. जानबाच्या हातचा विडा एकेकदा खाऊन सगळ्यांनी पान सोडलं होतं. बाजारातून आणेपर्यंत अंधार पडणार.

"सातबाऱ्यावर तुझी नोंद करावी लागेल," सरपंच म्हणाले.

"मालक म्हणून?"

"माती म्हणून."

पाला मग स्वतःहून बोलला. "बदली चालेल. तांबं द्या, लोखंड सोडतो. तांब्यावर आमचा हात घट्ट बसतो."

गडग्यापलीकडे जानबाची बायको द्वारका उभी होती. तिच्या माहेरचा तांब्याचा बंब अख्ख्या वाडीत एकुलता.

"द्वारके, बंब आण! पळ!"

द्वारका हलली नाही. जानबा कमरेपर्यंत गेला. ऊन शेवटच्या शेंड्यावर टेकलं होतं.

"अगं, बघतेस काय? बंब मोठा की नवरा मोठा?"

द्वारकेने शेंड्याकडे पाहिलं, सरपंचांच्या जिभेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"बंब रोज पेटतो, रोज तापतो," ती म्हणाली, "पण आजवर त्याने गावात कुणाची जीभ भाजली नाही. आता तुमचं काय ते सांगा."