लॅपटॉपच्या पोटात कोण बसलंय?

"अर्ध्या तासाचं काम! तुमच्या चहाच्या आत लॅपटॉपच्या पोटात दुसरा संगणक बसवून दाखवते!"

रविवारी दुपारी दोन वाजता विनया राऊतने नवऱ्याला छातीठोकपणे सांगितलं. केळीच्या वाडीतून नुकताच आलेला रमेश पाय धूत होता.

"पोटात दुसरा संगनक? म्हंजे गाभनच की!" तो म्हणाला आणि टीव्हीच्या खोलीत निघून गेला.

विनया चिडली, पण भांडायला वेळ नव्हता. विमा कंपनीत तिची बावीस वर्षं कारकुनीत गेली होती. आता कंपनीने पायथन नावाच्या संगणकभाषेचा अभ्यासक्रम काढला होता. पास होईल त्याला आकडेवारी विभागात जागा, आणि आठवड्याचे तीन दिवस घरून काम! त्या तीन दिवसांसाठी विनया खराखुरा अजगरसुद्धा पाळायला तयार होती. शेवटचा गृहपाठ आज संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचा होता. लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे तोच पोटातला संगणक, उभं करायचं, त्यात पायथन बसवायचं, एक छोटा प्रोग्राम चालवायचा आणि पडद्याचा फोटो पाठवायचा.

ती मागच्या खोलीत जाऊन बसली. निर्मळ नावाचं त्यांचं गाव जेवून झोपलं होतं. वारा पडलेला. खिडकीबाहेर केळीची पानं इतकी निश्चल, की कुणीतरी "हलू नका" म्हणून दटावल्यासारखी. खोलीत हिरवट, पाण्याखालचा असावा तसा उजेड.

अर्ध्या तासाचं काम दीड तास चाललं. माऊस चालेना, म्हणून बोटानेच सगळं केलं. साडेतीनला एकदाचं मशीन उठलं आणि त्याने सगळा पडदाच गिळला! नातवाचा फोटो गेला, घड्याळ गेलं, सगळं गेलं. उरला फक्त काळा चौकोन आणि त्यात उघडमीट करणारी एक पांढरी रेघ. खोल विहिरीत वाकून बघावं आणि तळातून कुणीतरी डोळा मिचकावावा, तसं विनयाला वाटलं.

तिने हात चोळले. कीबोर्डला बोट लावणार, एवढ्यात पडद्यावर एक अक्षर उमटलं.

तिने हात मागे घेतले. दुसरं अक्षर उमटलं. मग तिसरं. सावकाश, एकेक, जणू कुणीतरी थरथरत्या बोटाने लिहीत होतं. अक्षरं इंग्रजी, पण शब्द मराठी!

"मेलेले कसे जगवावे."

ओळ पूर्ण झाली आणि मशीनने शांतपणे खाली इंग्रजीत उत्तर दिलं: 'मेलेले' नावाची आज्ञा सापडत नाही.

विनया खुर्चीवरून उठली. तिने लॅपटॉपच्या मागे पाहिलं. टेबलाखाली पाहिलं. कुणी नाही!

"कुजलेले मुळापासून उपटावे का."

विनया मागच्या दाराने थेट शेजारच्या थेरेसाच्या अंगणात. थेरेसा शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका; चाळीस वर्षं तिने पोरांना दरडावलं होतं. भुताला दरडावायला गावात दुसरं कोण मिळणार!

"थेरेसा, चल! माझ्या लॅपटॉपमध्ये कुणीतरी आहे!"

"व्हायरस असेल गं."

"व्हायरस मराठी बोलतो का?"

थेरेसा आली. चष्मा लावून ओळी वाचल्या, आणि क्रूसाची खूण करताना तिचा आवाज एकदम बारीक झाला. "सायबा, जेजू! विनया, हा कुणाचा तरी अडकलेला आत्मा दिसतोय. विचार त्याला, कोण तू?"

"मी विचारू?"

"मशीन तुझं, मी कशी विचारू?"

विनयाने लिहिलं, "तुम्ही कोण?"

दोघी पडद्यावर वाकल्या. बाहेर पान हललं नाही. रेघ उघडमीट करत राहिली. मग पुन्हा एकेक अक्षर येऊ लागलं.

"मुक्काम निर्मळ. वय दीड वर्ष."

थेरेसाने विनयाचा दंड धरला. "लेकरू आहे गं!"

"पोटात काळे पडले आहे. शेजारी तीन पिल्ले उभी आहेत."

"शेजारी?" विनयाने डावीकडे पाहिलं, थेरेसाने उजवीकडे. मग दोघींनी मिळून असा काही टाहो फोडला, की झोपलेलं निर्मळ अर्धं जागं झालं! विनयाने लॅपटॉप उघडाच उचलला आणि दोघी धावत टीव्हीच्या खोलीत.

"अहो, बघा ना! आत कुणीतरी मेलंय!"

रमेशने मान वर केली नाही. मांडीवर टीव्हीचा बिनतारी कीबोर्ड होता. नाकावर चष्मा, एक बोट हवेत. "थांब गं जरा. इथं माझी केळी मरतायत, आन् टीव्ही एक अक्षर दाखवत नाय."

बोट खाली आलं. टक. विनयाच्या हातातल्या पडद्यावर एक अक्षर उमटलं.

टक. दुसरं.

रमेश इंटरनेटवर काही शोधायचा ते सरकारी अर्जासारखं: मुक्काम, वय, तक्रार, सगळं सविस्तर. पंधरा दिवसांपासून वाडीतली दीड वर्षाची केळी आतून काळी पडून वाळत होती; त्यांच्या बुंध्याशी फुटलेले कोंब म्हणजे ती पिल्लं. त्याची झोप उडाली होती आणि तो कुणाला बोलला नव्हता.

थेरेसाने लॅपटॉपच्या कडेचा नखाएवढा काळा तुकडा बोटाने दाखवला. "हे काय?"

"माझ्या बिनतारी माऊसचं, सिग्नल पकडणारं," विनया म्हणाली. मग टीव्हीच्या मागे बघून हळूच म्हणाली, "नाही. ह्यांच्या कीबोर्डचं. सकाळी मीच चुकून टीव्हीतून काढून घेतलं."

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तुकडा टीव्हीला परत गेला. विनयाने पायथन बसवलं, प्रोग्राम लिहिला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चालला. चार सत्तावन्नला गृहपाठ गेला आणि "मिळाला" असं उत्तरही आलं! मग ती रमेशशेजारी बसली. दोघांनी मिळून केळीच्या रोगावरचा एक व्हिडिओ शोधला. निम्मी झाडं वाचतील असं त्यात होतं. थेरेसाही थांबली होती, आणि रमेश बऱ्याच दिवसांनी पोटभर चहा प्यायला.

तेवढ्यात ऑफिसातल्या मनालीचा फोन आला. विनयाने ऐटीत स्पीकर लावला.

"मॅडम, गृहपाठ झाला का?"

"झाला की! व्हर्च्युअल मशीन, पायथन, सगळं स्वतः बसवलं!"

"अय्या, मशीन कशाला? सूचनांचं दुसरं पान वाचलं नाही का? ते ऐच्छिक होतं. आम्ही सगळ्यांनी ब्राउझरमध्येच केलं, दहा मिनिटांत!"

विनयाने घाईने स्पीकर बंद केला.

"वाचलं होतं गं," विनया म्हणाली. "पण म्हटलं, पायापासून शिकावं."

रमेशने टीव्हीचा आवाज वाढवला. थेरेसा उठली. तिने चपला घातल्या आणि हसायला आपल्या घरी गेली.